डाव्या चपलांची तार

दोन हजार अठरा साल. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होतो, आणि घरात मला कोणी गाडीला हात लावू देत नव्हतं.

गाडी म्हणजे माझी मोटारसायकल. सोळा वर्षं तिच्यावर सुकी मासोळी बांधून मी आठवडी बाजार केले. मागे दोन पेटारे, एकात बोंबील, एकात झिंगे. मी दिसायच्या आधी गावाला माझा वास यायचा आणि बाया टोपल्या घेऊन बाहेर यायच्या. मग एका पावसाळ्यात बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून घसरलो आणि डावा घोटा मोडला. प्लास्टर निघालं, पण पाय लाकडासारखा झाला होता. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं होतं, पाय रोज हलवत जा. मी हलवला नाही. त्रेसष्ट वर्षं चाललेल्या माणसाला ही काल आलेली पोरगी पाय हलवायला शिकवणार, असं वाटलं. चूक माझी. एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा विषय नको.

डावा पाय म्हणजे गियरचा पाय. पंजा खाली दाबला की गियर पडतो, आणि माझा पंजा खाली जाईना. माझा मुलगा संजू म्हणाला, "बाबा, आठ दिवस पाहू. नाई जमलं त मोरेश्वरले देऊन टाकू गाडी. तुमाले मी नेत जाईन ना बाजारात मांगं बसवून."

मोरेश्वर हा माझ्या बायकोचा भाचा. त्याचा डोळा दोन वर्षांपासून गाडीवर होता. आणि मी मागे बसायचं? पोराच्या पाठीला नाक लावून? मी म्हटलं, त्यापेक्षा झिंग्यांच्या पेटाऱ्यात बसून जाईन.

त्या आठ दिवसांत मी हबीब मिस्त्रीला ओळखलं. त्याच्या आधी वीस वर्षं नुसता पाहत होतो. तो गेल्याची खबर आली तेव्हा चौकात जो तो म्हणाला, चांगला मिस्त्री होता. चांगले मिस्त्री तर रस्त्याला चार सापडतात. मला तेवढं पुरलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

सिंदेवाहीत धान संशोधन केंद्राच्या रस्त्याला एक कडुनिंब आहे, त्याच्याखाली त्याची पत्र्याची टपरी. झाडापासून टपरीच्या कोपऱ्यापर्यंत एक तार ताणलेली, आणि त्या तारेला तीस-चाळीस चपला लटकलेल्या. सगळ्या डाव्या पायाच्या. रबरी, चामड्याच्या, अंगठा तुटलेल्या, टाच झिजलेल्या, एखादा बूटही. नवीन माणसाला वाटायचं, नजर लागू नये म्हणून लटकवल्या आहेत. एकदा धानाच्या ट्रकवाल्यानं गाडी थांबवून एक मागितली.

"मिस्त्री, एक चप्पल दे ना. बंपरले बांधतो. माह्या गाडीले लय नजर लागते."

हबीबभाऊ उठून उभा राहिला. "अबे, हे चप्पल नाई. हे कांताबाईच्या पोराची वही हाय. त्याची वही तुह्या बंपरले बांधू?"

खरंच त्या त्याच्या वह्या होत्या. त्याला लिहिता वाचता येत नव्हतं. माझं तिसरीपर्यंत झालं, त्याचं तेवढंही नाही. पण चप्पल हातात घेतली की तो वाचायला लागायचा. टाच बाहेरून झिजली म्हणजे माणूस गुडघे फाकवून बसतो. अंगठ्याखाली खड्डा म्हणजे गियर जोरानं दाबतो, त्याला पायाखालचा लिवर लांब पडतो. जुनी चप्पल टाकायची झाली की गिऱ्हाइकानं डावी त्याला आणून द्यायची. ती तारेला गेली, की पुढे गाडी कोणाच्याही हाती पाठवा, तो चप्पल काढून पाहायचा आणि लिवर लावून द्यायचा.

त्याचं सगळं काम एवढंच. इंजिन तो उघडायचा नाही. "इंजिनाचे डॉक्टर लय हायेत," म्हणायचा. त्याचं गिऱ्हाईक पायाचं. गियरच्या दांड्याला बारीक दाते असतात, लिवरच्या भोकात तसेच दाते. दहाच्या पान्यानं बोल्ट पूर्ण काढायचा, लिवर ओढून घ्यायचा, एक दाता फिरवून परत बसवायचा. एका दात्यानं लिवर पंजापाशी बोटभर वर येतो नाही तर खाली जातो. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत लोक गमबूट घालतात, तळ जाड, म्हणून लिवर एक दाता खाली. दिवाळीनंतर चपला, म्हणून परत वर. आमच्याकडे वर्षातून दोनदा लिवर हलवायला लोक त्याच्याकडे रांग लावायचे. दुसऱ्या कुठल्या गावात हे आहे का मला माहीत नाही.

बोल्ट काढला की तो ओठांत धरायचा, विड्यासारखा. बोल्ट तोंडात असेपर्यंत बोलणं बंद. तुम्ही काहीही विचारा, भाव विचारा, तब्येत विचारा, मुख्यमंत्री कोण विचारा, तो नुसता पाहायचा. "नट ढिल्ला असतानी गोष्ट नाई," हा त्याचा कायदा. बोल्ट कसून झाला की मग मघाचं सगळं उत्तर एका दमात द्यायचा, क्रमानं, एकही न विसरता.

आणि एवढं करून तो स्वतः मोटारसायकल चालवत नव्हता. जन्मात नाही. सायकलवर यायचा, सायकलवर जायचा. पोरं चिडवायची, "चाचा, पोहता येत नाई आन् शिकवता तलावात!" तो चिडायचा नाही.

"मी चालवलो असतो," तो म्हणायचा, "त साऱ्या गावाच्या गाड्या माह्याच पायाच्या मापानं लावलो असतो."

या एका वाक्यावर मी किती वेळा विचार केला असेल. आपल्याला येतं म्हणूनच दुसऱ्याचं दिसत नाही, असं कितीदा होतं.

एक वनरक्षक मॅडम होत्या, मडावी मॅडम. अंगानं लहान, नवीन नोकरी, जंगलातल्या बीटवर मोटारसायकलनं फिरायच्या. वरचा साहेब म्हणायचा, बाईमाणसाला ही गाडी झेपत नाही, ऑफिसात बसा. मॅडमचा उजवा गुडघा दुखायचा म्हणून त्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं. हबीबभाऊनं त्यांचा उजवा बूट मागितला, उलटा करून पाहिला. त्या दिवशी तारेचा नियम मोडून त्यानं उजवा बूट पाहिला, हे मला आठवतं.

"मॅडम, तुमी ब्रेक माराले पाय उचलून राह्यल्या. दिवसातून दोनशे डाव. गुडघा दुखन नाई त का करन?"

त्यानं ब्रेकच्या पायडलाखालचा बोल्ट फिरवून पायडल खाली घेतलं. मग मागच्या चाकापाशी जाऊन दांडीचा नट फिरवला, कारण पायडल हललं की ब्रेकही हलतो. मग पायडल दाबून मागचा लाल दिवा लागतो का ते पाहिलं. तीन जागा. मॅडमला डोळे मिटून दहा वेळा पाय ठेवायला लावला.

महिन्यानं मॅडम परत आल्या. "मिस्त्री, काल वाघ आडवा आला जी. पाय आपोआप ब्रेकवर गेला."

हबीबभाऊच्या तोंडात बोल्ट होता. त्यानं सावकाश कसला, हात पुसले. "मंग? वाघ का म्हणे?"

"काई नाई. पाह्यलं आन् गेला."

"त्याचे पाय बराबर लागले असतीन," तो म्हणाला.

एक गुरुजी नवीन गाडी आणि तिच्यासोबतचं पुस्तक घेऊन आले. पुस्तकात चित्र होतं, लिवर इथंच हवा. गुरुजी चित्र सोडायला तयार नाहीत. हबीबभाऊनं विचारलं, "गुरुजी, हे लिवणाऱ्यानं तुमचा पाय पाह्यला का?"

"नाई."

"मंग एक डाव मले पाहू द्या. नाई जमलं त पुस्तकाचं आयकू."

जमलं. गुरुजींची चप्पलही तारेला गेली.

आता माझं. संजूच्या आठ दिवसांतला तिसरा दिवस होता. हबीबभाऊकडे जायचं म्हणजे चप्पल दाखवायची. आणि माझी डावी चप्पल पुढून घासून कागद झाली होती, कारण मी पाय ओढत चालत होतो. चौकात सगळ्यांसमोर तो ती उलटी करून वाचणार! ते मला नको होतं. म्हणून मी संजूचे बूट घातले. जाड तळाचे, काळे, लग्नातले. नाडी सुनेनं बांधून दिली.

"जय भीम, सुकदेवभाऊ," तो म्हणाला. मी सलाम केला. त्यानं बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत बुटांकडे.

"तुहेच ना?"

"माहेच. आणखी कोणाचे?"

"रोज हेच घालशीन?"

"रोज."

"बरं." त्यानं बोल्ट काढला आणि तोंडात धरला. लिवर दोन दाते वर घेतला, मला बसवलं, डोळे मिटायला लावले. मी पाय तसाच ठेवला, पंजा मुळीच न वाकवता नुसता मांडीतून दाबला आणि गियर टक करून पडला. मला रडूच यायचं बाकी होतं, पण मी म्हटलं, "ठीक हाय. चालन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटारे बांधले, आणि रोजची चप्पल घालून निघालो. बूट घालून मासोळी विकायला कोण जातं? जाड बुटाच्या मापानं लावलेला लिवर पातळ चपलेला बोटभर खाली राहिला. ते बोटभर माझ्या पायाला वाकता येत नव्हतं. नहराच्या पाळीवर गियर बदलायला मी आख्खा पाय उचलला, तेवढ्यात खड्डा आला, आणि मी, गाडी आणि दोन्ही पेटारे धानाच्या चिखलभरल्या बांधीत.

रोवणा करणाऱ्या बायांनी मला ओढून काढलं. लागलं काही नव्हतं. बोंबील चिखलावर तरंगत होते. एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "पाहा वं बायांनो, मासोळी आपल्या घरी वापस आली!"

त्या हसल्या. मीही हसलो असतो, पण संजू समोरून येत होता. त्यानं गाडी काढली, धुतली, उभी केली. रात्रीच्या जेवणाला फक्त एवढंच म्हणाला, "रविवारी मोरेश्वर येऊन राह्यला."

रविवारला दोन दिवस होते. सकाळी मी चिखलाची चप्पल हातात घेऊन, अनवाणी, हबीबभाऊकडे पायी गेलो. पाय ओढत. चौकातले पाहत होते. पाहू दिलं.

त्याला बांधीची गोष्ट कळली होती. आमच्या गावात कळायला काय लागतं. तो हसला नाही. स्टूल पुढे केला.

मी म्हटलं, "बूट माहे नव्हते."

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "टाच बाहेरून झिजली होती. तुही चाल तशी नाई. संजूची हाय."

"मंग काऊन बोल्ला नाई?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "चार लोक उभे होते. तुही लाज राखाले गेलो आन् तुलेच बांधीत पाडलो. चूक माही हाय, सुकदेवभाऊ. मी जोड्याचं आयकलो, पायाचं नाई."

माझ्या आयुष्यात मला खोटं बोलल्याबद्दल ओरडणारे पुष्कळ भेटले. माझ्या खोट्याची चूक स्वतःवर घेणारा हा एकच.

त्या दिवसापासून त्यानं नियम केला. पहिल्यांदा आलेल्या माणसानं टपरीपासून झाडापर्यंत बारा पावलं अनवाणी चालायचं. ठेकेदार असो, पोलीस असो. पहिला मी चाललो. तो खाली बसून माझ्या घोट्याकडे पाहत होता, आणि पाहताना त्याचाही पाय थोडा थोडा ओढल्यासारखा हलत होता.

लिवर आणखी एक दाता वर घ्यायचा होता, म्हणून त्यानं चौकातल्या एका पोराला पाठवून माझी गाडी मागवली. मग त्यानं सायकलच्या फाटक्या ट्यूबची हातभर पट्टी कापून दिली. "हे पंजात अडकव, दोन्ही हातानं धर, आन् पाय खाली दाब. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर."

"दवाखान्यातल्या बाईनं टावेलानं असंच कराले सांगितलं होतं," माझ्या तोंडून निघालं.

"मंग ते बाई हुशार हाय. तू नाई." आणि त्यानं गाडीचा बोल्ट काढून तोंडात धरला, स्वतःला पुढे बोलायला लागू नये म्हणून.

रविवारी मोरेश्वर नवीन शर्ट घालून आला. संजूनं चहा ठेवला. मी म्हटलं, "चहा पेत राह. मी नवरगावले जाऊन येतो." दोघं काही म्हणायच्या आत मी निघालो. माझी कागदासारखी चप्पल, माझा लाकडी पाय, आणि लिवर बरोबर त्याच्याखाली. पहिला, दुसरा, तिसरा. नहराच्या पाळीवर तोच खड्डा होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूनं गेलो.

नवरगावला ओळखीच्या बाईकडून पुरावा म्हणून वांगी घेतली. परत आलो तेव्हा मोरेश्वरचा तिसरा चहा चालला होता. मी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

"मामाजी, हे का?"

"गाडी नाई, वांगे ने."

संजू आधी खाली पाहत होता. मग हसायला लागला, आणि थांबेना. मला वाटतं, त्यालाही गाडी द्यायची नव्हती. त्याला भीती होती, एवढंच. महिन्यानं मी नवीन चपला घेतल्या, आणि माझी जुनी डावी हबीबभाऊनं मॅडमच्या जुन्या डाव्या बुटाच्या आणि गुरुजींच्या चपलेच्या मध्ये टांगली. पुढून घासलेली, सगळ्यांना दिसेल अशी. मी राहू दिली.

दीड वर्षांनी त्याचे डोळे गेले. गेले म्हणजे धुकं आलं. एक ऑपरेशन झालं, दुसरं व्हायचं होतं. काम तो बोटांनी करत होता, दाता बोटांना कळायचा. पण त्याची मुलगी शबाना गडचिरोलीला शिक्षिका, ती म्हणाली, अब्बा, आता माझ्याकडे चला, अंगण मोठं आहे. तो तयार झाला. जायच्या आधी आठ दिवस त्यानं एकेकाला बोलावून चपला परत दिल्या. हातात घेऊन चाचपायचा आणि नाव सांगायचा. एकही चुकला नाही. माझी मात्र दिली नाही.

"तुहा पाय अजून बदलून राह्यला. बदलत्या पायाची चप्पल मी वापस देत नसतो."

जायच्या दिवशी रिक्षा बोलावली होती. मी म्हटलं, "रिक्षा कायले? बस मांगं." तो घाबरला. मांडीवर माझ्या चपलेची पिशवी, डाव्या हातानं माझा खांदा घट्ट धरलेला. जन्मात पहिल्यांदा तो मोटारसायकलवर बसला होता, असं त्यानंच सांगितलं. स्टँडपर्यंत चार गियर पडले असतील. मी आरशात पाहिलं, त्याचे डोळे मिटलेले.

उतरल्यावर म्हणाला, "एक दाता खाली पायजे."

"काऊन? बराबर त चालून राह्यला."

"बराबर नाई. तू पाय वर उचलून मंग दाबून राह्यला. तुहा पंजा आता वाकून राह्यला, भाऊ. लिवर तुले आडवा येऊन राह्यला. तुलेच खबर नाई."

मी खाली पाहिलं. पाय हलवला. वाकत होता. पूर्ण नाही, पण वाकत होता. ट्यूबच्या पट्टीचे रोज दोनशे करत होतो, पण कधी पाहिलं नव्हतं.

"मंग करून दे," मी म्हटलं. तेवढ्यात गडचिरोलीची एसटी लागली. लोक धावले. मी त्याला धरून चढवलं, खिडकीजवळ बसवलं.

"तूच कर," तो खिडकीतून म्हणाला.

"मले कुठी येते?"

"दहाचा पाना. बोल्ट पुरा काढ. एक दाता. दोन नाई." बस हलली. तो काहीतरी आणखी म्हणाला, ते ऐकू आलं नाही. मग त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला, आणि एक बोट खाली केलं. बस वळेपर्यंत ते एक बोट तसंच होतं.

पुढे शबानाच्या अंगणातही तार लागली, सात-आठ चपला झाल्या, असं तिनं फोनवर सांगितलं. माझी त्यात पहिली. त्याला मी परत पाहिलं नाही.

बस गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजाऱ्याकडून दहाचा पाना आणला आणि अंगणात गाडीपाशी पाटावर बसलो. बोल्ट पूर्ण काढला. लिवर निघेना, थोडा हलवला, मग निघाला. आतले दाते बोटानं मोजले. संजू चहा घेऊन बाहेर आला.

"बाबा, काय करून राह्यले? द्या इकडे, मी करतो."

मला उत्तर देता आलं नाही. बोल्ट तोंडात होता.

एक दाता खाली बसवला. बोल्ट कसला, हात धोतराला पुसले, चप्पल घातली, डोळे मिटून दहा वेळा पाय ठेवला. मग संजूला म्हटलं, "चहा ठेव तिथी. नवरगावचा बाजार हाय," आणि पेटारे बांधायला लागलो.